दुर्गसहल आणि कोरडा ऋतू

पावसाळा ओसरला, दसरा उलटला की राज्यातील शाळांमध्ये सहलींचे बेत सुरू होतात. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांची संमतिपत्रे, एस. टी. च्या आगारात गाडीसाठी अर्ज, मुक्कामाच्या गावी पत्रव्यवहार अशी कामे एकामागून एक हातावेगळी केली जातात. या धावपळीत हवामानाचा विचार मात्र बहुधा एका वाक्यात संपतो. आता पाऊस नाही, तेव्हा कोठेही जाण्यास हरकत नाही, हे ते वाक्य होय.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातील ११ आणि तमिळनाडूतील जिंजी असे १२ किल्ले त्यात आहेत. हे किल्ले विद्यार्थ्यांना दाखवावेत, ही इच्छा स्वाभाविक व स्तुत्य आहे. तथापि या बारा ठिकाणांचा कोरडा ऋतू एक नाही. काही किल्ले समुद्रात आहेत, काही सह्याद्रीच्या अतिवृष्टीच्या माथ्यावर आहेत, तर एक किल्ला असा आहे की महाराष्ट्रात आकाश निरभ्र असते त्याच महिन्यांत तेथे मुसळधार पाऊस कोसळतो. शिवाय प्रवाशाला सोयीचा असलेला हा काळ किल्ल्यांच्या पायथ्याच्या गावांसाठी पाण्याची ओढ वाढत जाण्याचा काळ असतो. या दोन्ही गोष्टी ध्यानात घेऊन सहल आखली, तरच ती सुरक्षित होते आणि यजमान गावालाही ती जड होत नाही.

कोरडा ऋतू का येतो?

महाराष्ट्र सुमारे १६ ते २२ अंश उत्तर अक्षांशांमध्ये, म्हणजे संपूर्णपणे उष्ण कटिबंधात वसला आहे. उष्ण कटिबंधातील वर्षाची विभागणी थंडी व उष्णता यांपेक्षा ओले व कोरडे महिने यांवरून अधिक स्पष्टपणे होते. उन्हाळ्यात भारताचा भूभाग तापतो, त्यावरील हवेचा दाब कमी होतो आणि अरबी समुद्रावरून बाष्पयुक्त नैर्ऋत्य वारे जमिनीकडे ओढले जातात. सह्याद्रीने हे वारे अडविले की कोकणात व घाटमाथ्यावर विपुल पाऊस पडतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आणि त्यातील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होतो.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेकडे सरकू लागतो. जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि वाऱ्यांची दिशा पालटते. ईशान्येकडून, म्हणजे जमिनीवरून वाहणाऱ्या या वाऱ्यांत बाष्प थोडे असते. त्यामुळे महाराष्ट्रात पाऊस थांबतो. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये सुधारलेल्या सरासरी तारखांनुसार मोसमी पाऊस मुंबईत ११ जूनला पोहोचतो व ८ ऑक्टोबरच्या सुमारास तेथून परत फिरतो. या दोन तारखांच्या बाहेरचे आठ महिने हा राज्याच्या पश्चिम भागाचा कोरडा ऋतू म्हणता येईल.

शेतकऱ्याला मात्र हे ठाऊक असते की परतीचा पाऊस तारीख पाहून थांबत नाही. हस्त नक्षत्र सरल्यावरही चित्रा व स्वातीच्या सरी येतात आणि कापणीला आलेले भात आडवे करतात. शेतकऱ्याची ही सावधगिरी सहल आखणाऱ्यानेही बाळगावयास हवी.

जिंजीचे उलटे वेळापत्रक

बारा किल्ल्यांपैकी जिंजी हा तमिळनाडूच्या विलुप्पुरम जिल्ह्यात, चेन्नईच्या नैर्ऋत्येस आहे. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेत तो घेतला आणि पुढे राजाराम महाराजांनी १६८९ पासून सुमारे आठ वर्षे तेथूनच स्वराज्याचा कारभार चालविला. जिंजी पाहावयास जाणारी मंडळी सहसा तंजावरलाही जातात, कारण मराठी राज्यकर्त्यांच्या स्मृती आणि सरस्वती महाल ग्रंथालय तेथे आहे. या प्रवासाला आठ-दहा दिवस लागत असल्याने दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते. हवामानाच्या दृष्टीने मात्र हीच निवड सर्वांत चुकीची ठरण्याचा संभव असतो.

याचे कारण वाऱ्यांतच आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्री ओलांडून तमिळनाडूत पोहोचतात तेव्हा त्यांतील बरेचसे बाष्प पश्चिम उतारावर रिते झालेले असते. म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये त्या राज्याच्या किनारी भागात पाऊस बेताचा असतो. ऑक्टोबरनंतर जे ईशान्य वारे महाराष्ट्रात कोरडे म्हणून येतात, तेच तमिळनाडूच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरावरून येतात आणि वाटेत बाष्प घेऊन येतात. चेन्नईत वर्षभरात पडणाऱ्या सुमारे १,४०० मिलिमीटर पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. एकच वारा एका राज्यात कोरडा ऋतू आणतो व दुसऱ्या राज्यात पावसाळा, ही गोष्ट भूगोलाच्या शिक्षकाने वर्गात अवश्य सांगावी आणि सहलीच्या समितीने बैठकीत अवश्य लक्षात घ्यावी.

हा धोका केवळ छत्री विसरण्याइतका लहान नाही. ३० नोव्हेंबर २०२४ च्या रात्री ‘फेंगल’ हे चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले. पुदुच्चेरीत २४ तासांत ४५ सेंटिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि शेजारच्या विलुप्पुरम जिल्ह्याला महापुराने वेढले. जिंजी याच जिल्ह्यात आहे. त्याहून जुनी व दारुण आठवण डिसेंबर १९६४ ची आहे. त्या महिन्याच्या २२ तारखेच्या रात्री रामेश्वर बेटावर आलेल्या वादळाने धनुष्कोडी हे गाव उद्ध्वस्त केले आणि प्रवाशांनी भरलेली आगगाडी लाटांनी गिळली. महाराष्ट्रात त्या दिवसांत हुरड्याचा हंगाम जवळ आलेला असतो आणि वादळाची कल्पनाही मनात येत नाही.

यास्तव जिंजी, तंजावर व रामेश्वर या बाजूची सहल दिवाळीऐवजी जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत न्यावी. तेव्हा ईशान्य मोसमी पाऊस संपलेला असतो, तळी भरलेली असतात आणि जिंजीच्या टेकड्यांचा ग्रॅनाइटचा खडक अजून तापलेला नसतो. मार्च उजाडला की तेथील उघड्या पायऱ्या दुपारी चढणे लहान मुलांना त्रासदायक होते.

कोरड्या ऋतूचे तीन भाग

महाराष्ट्रातील अकरा किल्ल्यांसाठी कोरडा ऋतू कसा वाटून घ्यावा, याचे उत्तर जिल्हा प्रशासनाच्या एका परिचित कागदपत्रात सापडते. दरवर्षी पाणीटंचाईचा कृती आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत तयार होतो. पाणी, गवत आणि ऊन या तीनही बाबी याच क्रमाने बदलत जात असल्यामुळे सहलीसाठीही हीच विभागणी उपयोगी पडते.

पहिला टप्पा ऑक्टोबर ते डिसेंबर. ऑक्टोबरच्या आरंभी घाटमाथ्यावरील पायऱ्यांवर शेवाळ असते, गवत पुरुषभर वाढलेले असते आणि पावसात सुटलेले दगड जागेवर बसलेले नसतात. दुपारचे ऊन तापते आणि सायंकाळी विजांसह सरी येतात. म्हणून रायगड, राजगड व प्रतापगड येथे मुलांना घेऊन जाण्यास दिवाळी उलटू देणे बरे. नोव्हेंबरचा मध्य ते डिसेंबरअखेर हा या किल्ल्यांसाठी सर्वांत अनुकूल काळ होय. हवा स्वच्छ असते, टाकी भरलेली असतात आणि चढताना दम कमी लागतो. मात्र दिवस लहान असतो. सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, त्यामुळे गड उतरण्यास दुपारी तीनपूर्वीच आरंभ व्हावयास हवा.

दुसरा टप्पा जानेवारी ते मार्च. साल्हेर हा १,५६७ मीटर उंचीचा, राज्यातील सर्वांत उंच किल्ला बागलाणात आहे. नाशिक जिल्ह्यात जानेवारीत रात्रीचा पारा अनेकदा दहा अंशांखाली जातो आणि उंचीवर वारा अधिक बोचरा लागतो. तेथे मुक्काम असल्यास प्रत्येक मुलाजवळ गरम कपडे हवेतच. शिवनेरीवर १९ फेब्रुवारीस शिवजयंतीची मोठी गर्दी असते. लहान मुलांच्या सहलीसाठी त्याच्या आगेमागे चार-आठ दिवस सोडून तारीख निवडावी.

या टप्प्यात दोन धोके वाढतात. पहिला वणव्याचा. पावसात वाढलेले गवत आता वाळून कोळ झालेले असते. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतील कुरंगणी येथे डोंगरातील वणव्यात सापडून गिर्यारोहणास गेलेल्या वीसहून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. सह्याद्रीतही फेब्रुवारीपासून डोंगर जळताना दिसतात. गडावर चूल, शेकोटी वा बिडी-काडी यांना पूर्ण मज्जाव असावा. दुसरा धोका आग्या मोहोळांचा. कड्याच्या कपारीतील व बुरुजांवरील ही मोहोळे धूर, मोठा आवाज वा दगडफेक यांनी चवताळतात. मोहोळे कोठे आहेत हे पायथ्याच्या ग्रामस्थांना ठाऊक असते, म्हणून वर जाण्यापूर्वी त्यांना विचारावे.

तिसरा टप्पा एप्रिल ते जून. मे महिन्यात सूर्य महाराष्ट्राच्या जवळजवळ डोक्यावर येतो. हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश, किनाऱ्यावर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंशांपर्यंत पोहोचल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार केला जात नाही. किनाऱ्याचा निकष कमी का, हे समजून घेण्यासारखे आहे. दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही की शरीर थंड होत नाही. त्यामुळे कोकणातील ३७ अंश हे विदर्भातील त्याहून अधिक तापमानाइतकेच घातक ठरू शकतात. शालेय सहलींसाठी हा टप्पा वर्ज्य मानावा. ६ जून रोजी रायगडावर शिवराज्याभिषेक दिन साजरा होतो. तेव्हा उन्हाची तलखी व वळवाच्या विजा एकाच दिवशी अनुभवास येऊ शकतात. त्या दिवशी गडावर जाणाऱ्यांनी आणि तेथील व्यवस्था पाहणाऱ्यांनी दोन्हींची तयारी ठेवावी.

समुद्रातील किल्ले

खांदेरी, सुवर्णदुर्ग व सिंधुदुर्ग हे किल्ले बेटांवर आहेत. खांदेरीस अलिबागजवळील थळहून, सुवर्णदुर्गास हर्णैहून आणि सिंधुदुर्गास मालवणहून होडीने जावे लागते. विजयदुर्गास मात्र खुश्कीच्या मार्गाने पोहोचता येते. मालवणची प्रवासी होडी वाहतूक मे अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असते. गणेशोत्सवाच्या सुमारास होड्या पुन्हा सुरू झाल्या, तरी समुद्र पूर्णपणे निवळण्यास नोव्हेंबर उजाडतो.

येथे कोरडा ऋतू म्हणजे शांत समुद्र असे समीकरण मांडणे धोक्याचे आहे. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात. एक पावसाळ्यापूर्वी मे-जूनमध्ये आणि दुसरा पावसाळ्यानंतर, मुख्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. ‘फयान’ वादळ नोव्हेंबर २००९ मध्ये कोकण किनाऱ्यावर आले. ‘ओखी’ वादळाच्या इशाऱ्यामुळे ५ डिसेंबर २०१७ रोजी मुंबई व परिसरातील शाळांना सुट्टी द्यावी लागली. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ हे वादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले.

वादळ नसतानाही समुद्र रोज दोनदा चढतो व दोनदा उतरतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्यातील एका महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. तो दिवस पावसाळ्यातील नव्हता. स्वच्छ आकाशाच्या दिवशीही अनोळखी किनारा किती घातक असतो, याची ही दुःखद साक्ष आहे.

कोकणातील जाणती माणसे पंचांगावरून भरतीची वेळ काढतात. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीस चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, अर्थात पहाटे व दुपारी तीनच्या आसपास भरती आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. ही वेळ रोज जवळजवळ पाऊण तास पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, तेव्हा पाणी अधिक चढते व अधिक वेगाने ओसरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते व पाण्याची चढउतार कमी असते. सहलीची तारीख ठरविताना ही गणना उपयोगी आहे, परंतु प्रत्यक्ष त्या दिवशी भरतीचे अधिकृत वेळापत्रक आणि स्थानिक नाखव्यांचा सल्ला हाच प्रमाण मानावा. दुपारनंतर समुद्रावरील वारा वाढतो, म्हणून होडीचा प्रवास सकाळी उरकावा. होडी परवानाधारक असावी, मोजकीच माणसे घेणारी असावी आणि प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असावे. विद्यार्थ्यांना समुद्रात उतरू देऊ नये, हा नियम शिक्षकांनी स्वतःही पाळावा.

पाण्याचा हिशेब

कोकणात ३,००० मिलिमीटर पाऊस पडूनही मार्चनंतर अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, याचे नवख्या माणसास आश्चर्य वाटते. कारण भूमीच्या रचनेत आहे. सह्याद्रीचा बेसाल्ट खडक कठीण व पाणी कमी मुरविणारा आहे. जांभ्याच्या सड्यांत पाणी मुरते, पण झऱ्यांवाटे लवकर वाहून जाते. उतार तीव्र व नद्या आखूड असल्यामुळे चार महिन्यांचे पाणी पाहता पाहता समुद्रास मिळते. किल्ल्यांच्या पायथ्याची गावे नेमकी अशाच उतारांवर वसलेली आहेत.

आता सहलीचा हिशेब करून पाहावा. एका गाडीतून ५० जण आले आणि गड चढताना प्रत्येकाला तीन लिटर पाणी लागले, तर केवळ पिण्याचे पाणी १५० लिटर होते. मुक्काम असेल तर स्वयंपाक, स्नान व शौचालय यांची गरज वाढते. जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. त्या प्रमाणाने ५० जणांना २,७५० लिटर लागतात. डिसेंबरमधील एखाद्या शनिवारी अशा दहा गाड्या मुक्कामास आल्या, तर गरज २७,५०० लिटरवर जाते. १० हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर एका रात्रीत संपतात. पाचशे वस्तीच्या गावात त्या रात्री दुसरे पाचशे वस्तीचे गाव येऊन उतरते, असाच याचा अर्थ आहे. डिसेंबरमध्ये विहिरी हा भार सोसतील. एप्रिलमध्ये तोच भार गावातील स्त्रियांच्या डोक्यावरील हंड्यांत मोजला जातो.

गडावरील टाक्यांचा विचारही येथेच करावा. खडकात खोदलेली ही टाकी म्हणजे आठ कोरड्या महिन्यांसाठी केलेली तरतूद होती. आजही गडावरील वस्ती, गुरे व पशुपक्षी उन्हाळ्यात त्यांवरच अवलंबून असतात. टाक्यात पाय धुणे, भांडी घासणे वा प्लॅस्टिकच्या बाटल्या टाकणे म्हणजे कोणाच्या तरी मे महिन्याच्या पाण्याची नासाडी होय. ते पाणी गाळून व उकळल्याशिवाय पिऊही नये. भर समुद्रातील सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चारी बाजूंना खारे पाणी असताना गोडे पाणी मिळविणे व टिकविणे याचे मोल काय, हे विद्यार्थ्यांना तेथे उभे करून जितके समजेल तितके पुस्तकातून समजणार नाही.

सरासरी, अंदाज आणि निर्णय

वर सांगितलेल्या सर्व तारखा सरासरीच्या आहेत. सरासरी हे नियोजनाचे साधन आहे, हमी नव्हे. २०१९ मध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी पावसाने राज्यातील खरीप पिकांचे मोठे नुकसान केले. २०२५ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच, म्हणजे सरासरीच्या १६ दिवस आधी दाखल झाला. म्हणून नियोजनाच्या दोन पायऱ्या असाव्यात. महिना निवडताना सरासरीचा आधार घ्यावा आणि दिवस निश्चित करताना अंदाजाचा.

हवामान विभाग जिल्हावार अंदाज प्रसिद्ध करतो व धोक्याची पातळी चार रंगांनी दर्शवितो. हिरवा म्हणजे धोका नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे तातडीने कृती करा. निघण्यापूर्वी पाच दिवस, दोन दिवस आणि त्याच दिवशी सकाळी असा तीन वेळा अंदाज पाहावा. अंदाज स्वतःच्या जिल्ह्याचा नव्हे, तर जावयाच्या जिल्ह्याचा पाहावा, हे सांगण्याची आवश्यकता पडू नये, परंतु ती पडते. नारिंगी वा लाल इशारा असल्यास सहल पुढे ढकलावी.

पुढे ढकलण्याचा निर्णय ऐन वेळी घेणे कठीण जाते. पैसे भरलेले असतात, गाडी दारात उभी असते आणि मुलांनी डबे भरलेले असतात. यासाठी सहलीची दुसरी तारीख आरंभीच ठरवून ती पालकांच्या संमतिपत्रात नमूद करावी, आणि सहल थांबविण्याचा अधिकार कोणा एका शिक्षकाकडे राहील हे मुख्याध्यापकांनी लेखी द्यावे. राखीव तारीख हाती असली की मागे फिरणे अपयश वाटत नाही.

शाळा व ग्रामपंचायत यांचा मेळ

सहलीसंबंधीचा पत्रव्यवहार आज बहुधा निवास व भोजनाची सोय करणाऱ्यापुरताच असतो. त्याची एक प्रत पायथ्याच्या ग्रामपंचायतीस गेली, तर बरेच काही साधेल. किती जण, कोणत्या दिवशी, मुक्काम आहे की नाही आणि पाणी सोबत आणणार की गावात घेणार, एवढ्या चार गोष्टी त्यात पुरेत. अशी पत्रे मिळाल्यास ग्रामपंचायतीला एकाच शनिवारी दहा गाड्या येणार आहेत हे आधी कळेल, आणि दोन-तीन शाळांना दुसरा दिवस सुचविता येईल.

ग्रामपंचायतीच्या बाजूनेही काही कामे करण्यासारखी आहेत. गावच्या पाण्याची स्थिती तीन टप्प्यांनुसार फलकावर लावता येईल. पहिल्या टप्प्यात मुक्कामास मुभा, दुसऱ्यात मर्यादित मुक्काम आणि तिसऱ्यात केवळ दिवसाची सहल, असा ठराव ग्रामसभेत करता येईल. वाटाड्याचे काम गावातील तरुणांना मिळाले, तर मोहोळे, निसरड्या वाटा व पडझड झालेले बुरुज यांची माहिती सहलीला मिळेल आणि गावालाही चार पैसे मिळतील. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र व रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक त्याच फलकावर असावा.

जुनी शिकवण

ऋतू पाहून काम आखणे ही या भूमीला नवी गोष्ट नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमा निघत व पावसाळ्यापूर्वी फौजा छावणीस परतत. सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा आरंभ २५ नोव्हेंबर १६६४ रोजी, म्हणजे समुद्र निवळल्यावर झाला. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त किल्ला बांधण्यापूर्वी तेथे पाणी आहे की नाही हे पाहावे, नसल्यास खडक फोडून टाकी तळी बांधावीत आणि केवळ एका झऱ्यावर विसंबून राहू नये, असा उपदेश आहे.

शिवाजी महाराजांचे चिपळूण परिसरातील छावणीच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्रही प्रसिद्ध आहे. छावणीतील दाणा व वैरण पावसाळाभर पुरेल अशा बेताने खर्च करावी, रयतेला कशाचाही उपद्रव देऊ नये आणि चूल, चिलीम व जळती वात यांनी गवताच्या गंजी पेटणार नाहीत याची दक्षता घ्यावी, असा त्याचा आशय आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका सैन्याला दिलेल्या या सूचना आजच्या सहलीला जशाच्या तशा लागू पडतात. किल्ल्यांचा इतिहास सांगण्यासाठी विद्यार्थ्यांना गडावर न्यावयाचे असेल, तर त्या इतिहासातील ही शिस्त सहलीच्या पहिल्या बैठकीपासून पाळली जावी, आणि त्या बैठकीत टेबलावर दिनदर्शिकेच्या शेजारी त्या गावाचा टंचाई आराखडाही असावा.